फोटोग्राफीचा पोर्टफोलिओ कसा बांधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अठरा वर्षं कोल्हापुरात फोटो काढते आहे. लगीनसराईत लग्नं, एरवी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं काम आणि मधल्या मोकळ्या दिवसांत स्वतःचं काहीतरी. रविवारी सकाळी नव्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ बघायला स्टुडिओत बसते. इचलकरंजी, सांगली, निपाणी, कणकवली, कुठून कुठून येतात. कुणी टॅब घेऊन येतं, कुणी पेन ड्राइव्ह, एक मुलगा तर बाबांच्या एलआयसीच्या फोल्डरमध्ये प्रिंट घालून आला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिते आहे.

पोर्टफोलिओ म्हणजे नेमकं काय? माझं इन्स्टाग्राम आहे, ते पुरत नाही का?

इन्स्टाग्राम ही रोजची वही झाली. तिथे कालचा सूर्यास्त असतो, मित्राची नवी गाडी असते, दिवाळीच्या शुभेच्छा असतात, आणि ते असायलाच हवं. पोर्टफोलिओ म्हणजे तुमच्या निवडक फोटोंचा संच, आणि तो तुम्ही कुणातरी एका माणसासमोर ठेवता. ती लग्नघरातली मोठी बहीण असेल, मासिकाचा संपादक असेल, कारखान्याचा मालक असेल, नाहीतर प्रवेशाच्या मुलाखतीतले परीक्षक. तुमच्यावर कुठलं काम सोपवता येईल, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते की पोर्टफोलिओत जे दाखवाल त्याच कामाची बोलावणी येतील. माझ्या पहिल्या अल्बममध्ये सगळं प्री-वेडिंग होतं. पन्हाळ्याची तटबंदी, रंकाळ्यावरची संध्याकाळ, वाऱ्यावर उडणारी ओढणी. तीन वर्षं मला दुसरं काही मिळालंच नाही. मला ओतकामाचे फोटो काढायचे होते, पण ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका फाउंड्रीत चार दिवस विनामोबदला काम केलं आणि त्यातले आठ फोटो अल्बमच्या सुरुवातीला लावले. चार महिन्यांत पहिली ऑर्डर आली. कॅमेरा तोच होता, लेन्सही तीच.

किती फोटो ठेवायचे?

पंधरा ते वीस. नुकतीच सुरुवात केली असेल तर बारासुद्धा चालतील.

चाळीस फोटो दाखवले म्हणजे मेहनत दिसेल असं वाटतं, पण बघणाऱ्याच्या मनात वेगळंच चालू असतं. पंधरा चांगल्या फोटोंमध्ये पाच सामान्य दिसले की त्याला शंका येते की ह्याला स्वतःला तरी फरक कळतो का? ही शंका एकदा आली की ते पंधराही फिके पडतात. उद्या तुम्ही त्याच्या कामातून निवड करून देणार असता, आणि तुमची नजर किती पारखी आहे हे तो तुमच्या अल्बमवरूनच ठरवतो.

हजारो फोटोंतून निवड कशी करायची? मला सगळेच आवडतात.

ह्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पोर्टफोलिओ म्हणजे मुख्यतः निवडच असते.

स्क्रीनवर निवड करू नका. तिथे एका वेळी एकच फोटो दिसतो आणि प्रत्येक फोटो आपापल्या जागी बरा वाटतो. आधी ढोबळ निवड करून ऐंशी-शंभर फोटोंवर या. मग लॅबमधून त्यांच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढून आणा. घरात सतरंजी पसरा, सगळ्या प्रिंट मांडा आणि उभं राहून बघा. बसून नाही, उभं राहून. एकसारखे फोटो लगेच आपोआप एकमेकांकडे बोट दाखवायला लागतात. एकच गोष्ट सांगणारे चार फोटो असतील तर एक ठेवा, बाकी उचला. त्यानंतर ज्या फोटोंबद्दल तुम्हाला तोंडानं काही सांगावंसं वाटतं ते पालथे करा. "हा काढायला पहाटे तीनला उठलो होतो", "इथे पाऊस चालू होता आणि लेन्सवर पाणी आलं होतं". ती मेहनत तुम्हाला आठवते, बघणाऱ्याला ती दिसत नाही. उरलेले आठवडाभर तसेच राहू द्या. येता-जाता बघत राहा. दोन-तीन फोटो आपोआप डोळ्यांतून उतरतात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा तालमीचे चौसष्ट फोटो घेऊन आला. मेहनती मुलगा, वर्षभर पहाटे तालमीत जायचा. नऊ फोटोंत उडणारी तांबडी माती होती, सगळे नऊ देखणे, आणि नऊही सारखेच. "अजून काय आहे?" विचारल्यावर त्यानं संकोचत नाकारलेल्या फोटोंची पाकिटं काढली. त्यात एक फोटो होता. लढत संपल्यावर एक पैलवान मातीत कपाळ टेकून पडलाय, चौकट फक्त त्याच्या कानापुरती. तुटलेला, गाठ बसलेला कान, त्याच्या घडीत अडकलेली ओल्या मातीची बारीक रेघ, आणि मागे धूसर दिसणारा एक पाय. त्या मातीत तेल, ताक आणि हळद मिसळतात, त्यामुळे ती रेघ साध्या मातीसारखी कोरडी नव्हती, तिला चकाकी होती. फोकस किंचित हलला होता म्हणून त्यानं तो काढून टाकला होता. आम्ही तो पहिल्या पानावर लावला. दुसरा फोटो वस्तादांचा, बल्बच्या उजेडात फावड्यानं कुस्तीचा हौदा उकरताना. शेवटी सगळे मिळून अकरा उरले आणि त्या अकरांत उडणारी माती फक्त एकदा आहे. त्यामुळे ती आता दिसते.

निवड करताना दुसऱ्याची नजर घ्या, पण आईची किंवा जिवलग मित्राची नको. फोटोग्राफीतलं कळणारा आणि तुम्हाला खूश ठेवण्याची गरज नसलेला माणूस शोधा. त्याला "कुठला आवडला?" असं न विचारता "कुठले तीन काढून टाकू?" असं विचारा.

लग्न, निसर्ग, पोर्ट्रेट, प्रॉडक्ट, सगळं एकाच पोर्टफोलिओत चालेल का?

छोट्या गावात स्टुडिओ चालवायचा तर सगळंच करावं लागतं, ह्याची मला पूर्ण जाणीव आहे. पासपोर्ट फोटोपासून मुंजीपर्यंत सगळं मीही केलंय. पण दाखवताना वेगवेगळं दाखवा. लग्नाचा एक, उद्योगाचा एक, स्वतःच्या कामाचा एक. दागिन्यांच्या दुकानदाराला भारद्वाज पक्षी दाखवून काही मिळत नाही.

अजून एकही पैशाचं काम मिळालेलं नाही. मग दाखवू काय?

स्वतःच स्वतःला काम द्या. घरापासून सायकलनं जाता येईल अशा अंतरावरचा एक विषय घ्या आणि त्याच्याकडे निदान दहा वेळा जा. पहिल्या दोन वेळा तुम्ही पाहुणे असता, लोक कॅमेऱ्याकडे बघून हसतात. चौथ्या-पाचव्या खेपेला ते तुमच्याकडे लक्ष देणं सोडतात, आणि फोटो तेव्हा मिळायला लागतात.

आमच्याकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात. नव्या मुलांना मी हमखास तिकडे पाठवते, कारण एका छपराखाली सगळ्या प्रकारची परीक्षा होते. काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, उठणाऱ्या वाफेत फोकस पकडायचा असतो. चुलवाणात चिपाड सारणारा गडी अंधारात असतो, त्याच्या तोंडावर फक्त जाळाचा उजेड, म्हणजे एक्स्पोजरची, कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याची, कसोटी. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक झाला का ते बघायला थेंब गार पाण्यात टाकून बोटांत धरतो, तो क्षण दोन सेकंदांचा. उसाच्या ढिगाऱ्यावर पोरं खेळत असतात, बाहेर ट्रॅक्टर उभा असतो. जागा समजावी म्हणून एक लांबचा फोटो, मधल्या अंतरावरचे दोन-चार, हातांचे आणि चेहऱ्यांचे जवळचे, आणि तयार ढेपा. एवढं नीट जमलं तर तुमच्याकडे बारा फोटोंची कथा झाली. कारखानदाराला ती दाखवा, मासिकाला दाखवा. कुणी पैसे देऊन काढून घेतलेले होते का, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही.

फक्त एक करा. सराव म्हणून काढलेला जाहिरातीचा फोटो असेल तर "सरावासाठी" असं खाली लिहा. एखाद्या ब्रँडचं काम केल्यासारखं भासवू नका.

सगळे वारीचे फोटो काढतात. मी ठेवू की नको?

ठेवा, पण दिवे घाटातल्या वळणावरून दिसणारी पताकांची रांग आणि रिंगणातला उधळलेला घोडा हे दोन फोटो सोडून काही असेल तर. ते दोन्ही फोटो सुंदरच आहेत. पण त्या वळणावर त्या दिवशी शेकडो कॅमेरे असतात, आणि संपादकानं ते फोटो वर्षानुवर्षं पाहिलेले असतात. आळंदी ते पंढरपूर ही साधारण अडीचशे किलोमीटरची वाट आहे. एका दिंडीबरोबर त्यातले चार-पाच मुक्काम करा. रात्री दोनला पेटणाऱ्या चुली, राहुट्या उतरवणारी माणसं, सामानाच्या ट्रकवर झोपलेला पोरगा, वाटेत चपला शिवून देणारा चांभार. घाटावर उभं राहून हे मिळत नाही, त्यासाठी चालावं लागतं.

लग्नाच्या पोर्टफोलिओत लोक काय बघतात?

नवरा-नवरी रंग आणि पोज बघतात. त्यांचे आईवडील वेगळं बघतात आणि बहुतेकदा पैसे तेच देतात. त्यांना हवं असतं ते हे की आमची माणसं फोटोत असतील का, विधी चुकणार नाही ना, कार्यालयातल्या उजेडात फोटो काळे येणार नाहीत ना.

म्हणून वीस निवडक फोटोंबरोबर एक संपूर्ण लग्न ठेवा, साठ-सत्तर फोटोंचं, पहाटेच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत. मंगल कार्यालयातला उजेड हा आपल्या धंद्यातला सगळ्यात अवघड उजेड आहे. स्टेजवर जांभळे एलईडी, वर पिवळे दिवे, दारातून दुपारचं पांढरं ऊन, आणि व्हिडिओवाल्याचा लाइट मधूनच अंगावर. त्यात अंतरपाट खाली येतो त्या क्षणी दोघांचे चेहरे, वरून पडणाऱ्या अक्षता आणि मागच्या मामांचे हात, हे सगळं एका चौकटीत धरणं म्हणजे खरं काम. असा एक फोटो असेल तर तो डोंगरावरच्या दहा फोटोंपेक्षा वरचढ आहे.

आणि आजीचा फोटो ठेवा. खुर्चीत बसून सगळं बघणारी, कुणाच्या लक्षात नसलेली. अल्बम चाळताना लग्नघरातले हात त्या पानावर थांबतात, हे मी अठरा वर्षं बघते आहे.

माझ्याकडे साधा कॅमेरा आहे. मोबाइलवरचे फोटो चालतील का?

चालतील. पडद्यावर तर फरक जवळजवळ दिसत नाही. छापताना गणित सोपं आहे. तीनशे डीपीआयला, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके धरून, २४ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, २० इंच बाय सव्वातेरा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० बाय ३०००, सव्वातेरा बाय १० इंचांपर्यंत. अल्बमच्या १२ बाय १८ च्या पानाला ३६०० बाय ५४०० लागतात, तिथे मोबाइल कमी पडतो. बाकी पैसे असतील तर आधी एक फिफ्टी एमएमची लेन्स घ्या, कॅमेऱ्याची नवी बॉडी नंतर.

एडिटिंग किती करायचं?

अंगावर न येईल इतपत. सगळ्या फोटोंना एकच प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाची तयार सेटिंग, मारला की त्या वर्षीची फॅशन दिसते, आणि दोन वर्षांनी तुमचा पोर्टफोलिओ जुन्या कॅलेंडरसारखा दिसायला लागतो. बातमी किंवा डॉक्युमेंटरी कामाला तर नियमच आहेत. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेत चौकटीत काही घातलं किंवा पुसलं तर फोटो बाद होतो, आणि पुढच्या फेऱ्यांत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, मागून तपासतात. म्हणून रॉ फाइली जपा.

एका बाबतीत मात्र मी अजिबात मवाळ नाही. माणसांचा रंग उजळवू नका. सावळ्या नवरीला गोरी करून दिलेले अल्बम मी खूप पाहिलेत, आणि सुरुवातीला लोकांच्या आग्रहाखातर मीही दिलेत, ह्याचं आजही वाईट वाटतं. एका मुलीनं लग्नानंतर अल्बम परत आणून शांतपणे विचारलं होतं, "ताई, ह्यात मी कुठे आहे?" तेव्हापासून मी ते थांबवलं. सावळ्या त्वचेवर उजेड फार सुंदर पडतो, गालाच्या हाडावर, खांद्यावर. तो पकडायला शिका, एक्स्पोजर त्वचेवर बघून लावा. ज्याच्या पोर्टफोलिओत काळी, सावळी, गव्हाळ, गोरी सगळी माणसं आपापल्या रंगात दिसतात, त्याच्या हाताखाली मी कुणालाही शिकायला पाठवेन.

रंगीत ठेवू की कृष्णधवल?

रंग काही सांगत असेल तर रंगीत. गुळाचा, हळदीचा, तांबड्या मातीचा रंग काढून टाकला तर विषयच जातो. बिघडलेला व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोवर चढलेली पिवळी-निळी झाक, लपवायला कृष्णधवल केलेला फोटो जाणकाराला लगेच ओळखू येतो.

मुलांना मी एक उदाहरण दाखवते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर एका अनोळखी लहान मुलाला पुरतानाचा फोटो दोघांनी काढला, रघु राय यांनी आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी. राय यांचा कृष्णधवल आहे, बार्थोलोम्यू यांचा रंगीत, आणि त्या रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून बघा. घटना एकच, चेहरा एकच. एकात मातीचा रंग बोलतो, दुसऱ्यात फक्त तो चेहरा आणि हात उरतो. दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण दोन्ही पक्के आहेत. तुमच्या पोर्टफोलिओत एक रंगीत, एक कृष्णधवल असं आलटून-पालटून असेल तर मात्र तुमचा निर्णय झालेला नाही, एवढंच बघणाऱ्याला कळतं.

मी काढलेले लग्नाचे फोटो माझेच ना? पोर्टफोलिओत वापरायला विचारावं लागतं का?

बहुतेकांना हे माहीत नसतं, म्हणून नीट सांगते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. साधारणपणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. पण कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरीत, लेखी काही ठरलं नसेल तर, मालकी लग्नघराकडे जाते. तुमचं नाव फोटोला लावून घेण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो, पण वापराचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

उपाय सोपा आहे. ऑर्डर घेताना, ॲडव्हान्सच्या पावतीवरच एक ओळ लिहून सही घ्या: "ह्या कार्यक्रमाचे निवडक फोटो छायाचित्रकाराला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्यास आमची संमती आहे." कुणी नाही म्हणालं तर तेही मान्य करा. काही घरांना मुलींचे फोटो बाहेर गेलेले नको असतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

नोकरीत असाल, वर्तमानपत्रात किंवा कंपनीत, तर तिथल्या करारात काय लिहिलंय ते वाचूनच फोटो बाहेर दाखवा.

रस्त्यावरच्या माणसांचे, लहान मुलांचे फोटो?

सार्वजनिक ठिकाणी फोटो काढता येतो, पण पोर्टफोलिओत लावताना स्वतःला विचारा की हा माणूस हा फोटो बघायला आला तर मी त्याच्या नजरेला नजर देईन का? भिकाऱ्याचा झोपलेला चेहरा, दवाखान्याच्या दारातली रडणारी बाई, हे फोटो नवशिक्यांच्या पोर्टफोलिओत फार दिसतात. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पुढे काय झालं माहीत नाही. मी ते पोर्टफोलिओतून काढून टाकायला लावते.

जाहिरातीसाठी फोटो जाणार असेल तर माणसाची लेखी संमती घ्याच. आणि बालगृहातली, कोर्टकचेरीत अडकलेली किंवा अत्याचार झालेली मुलं असतील तर त्यांची ओळख उघड होईल असं काहीही दाखवायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं बंदी आहे. चेहरा झाकून शाळेचा बिल्ला दिसत असेल तरी ओळख उघड होतेच.

वर्कशॉपमध्ये काढलेले फोटो ठेवू का?

नका ठेवू. एकच मॉडेल, एकच कंदील, नऊवारीतली तीच मुलगी, आणि तोच फोटो वीस जणांकडे. माझ्याकडे एकाच रविवारी तीन मुलांनी तोच साधू दाखवला होता, चिलमीच्या धुरासकट. उजेड सरांनी लावलेला, जागा सरांनी निवडलेली. त्यातून तुमचं काय दिसणार? शिकण्यासाठी वर्कशॉप जरूर करा.

दुसऱ्याच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून काढलेले फोटो त्याची परवानगी असेल तरच लावा, आणि खाली तसं लिहा.

फोटोंचा क्रम कसा लावायचा?

सगळ्यात भक्कम फोटो पहिला, दुसऱ्या क्रमांकाचा शेवटी. मधे उभे-आडवे, लांबचे-जवळचे ह्यांची लय बघा. सलग तीन क्लोजअप आले की दम कोंडतो. समोरासमोरच्या पानांवर जे दोन फोटो येतात ते एकमेकांशी बोलले पाहिजेत. गुळव्याची बोटं डावीकडे आणि अक्षता धरलेला हात उजवीकडे, असं एकदा सतरंजीवर सहज जुळलं होतं, ते पान मी अजून बदललेलं नाही.

छापील बरा की वेबसाइट?

दोन्ही. भेटायला जाताना छापील न्या, १२ बाय १८ ची गरज नाही, ए४ सुद्धा भारदस्त दिसतो. मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि बघणारा वही तिरकी करत बसतो.

वेबसाइटसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेलच्या आसपास, रंग एसआरजीबी ह्या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत. ॲडोबी आरजीबीत सेव्ह केलेले फोटो बऱ्याच ठिकाणी मळकट दिसतात, आणि मुलं घाबरून पुन्हा एडिटिंग करत बसतात. मोठा वॉटरमार्क फोटोच्या मध्यावर नको. फाइलच्या माहितीत नाव आणि संपर्क भरा. पहिल्या पानावर संगीत नको. फोन नंबर मात्र पटकन सापडला पाहिजे, ह्यात चुकलेल्या वेबसाइटी आश्चर्य वाटेल इतक्या आहेत.

फोटोखाली लिहायला हवं का?

डॉक्युमेंटरी कामाला हवंच. कोण, कुठे, कधी, काय करतंय. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, मराठीतही मजकूर असतो. तिथल्या फोटोंखालच्या ओळी वाचा. माणसाचं नाव असतं, गाव असतं, आणि तो जे करतोय त्याला त्याच्या भाषेतला शब्द असतो. "ग्रामीण जीवनाचे भावविश्व" असलं काही लिहू नका. "काहिलीतली मळी काढताना" एवढं पुरे.

स्वतःबद्दल चार ओळी. कुठे राहता, काय काढता, कोणाबरोबर काम केलंय. "मला क्षण गोठवायला आवडतात" हे वाक्य मी इतक्या पोर्टफोलिओंत वाचलंय की आता नजर त्याच्यावरून घसरते.

कोणाचं काम बघू?

होमाई व्यारावालांचं जरूर बघा. नवसारीत जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन टिपली. मला तर त्यांचा आधार वाटतो, कारण मी सुरुवात केली तेव्हा मांडवातले लोक विचारायचे, "फोटोग्राफर कुठंय?"

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं केलेलं काम बघा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका विषयापाशी टिकून राहिल्यावर फोटो किती खोल जातो ते त्यात दिसतं. चेहऱ्यावरच्या उजेडासाठी गौतम राजाध्यक्ष. बघून झाल्यावर मात्र पुस्तक मिटा आणि आपल्या गल्लीत जा.

शिक्षणासाठी पोर्टफोलिओ करायचा असेल तर?

तिथे चकचकीतपणा कमी आणि विचार जास्त बघतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अशा ठिकाणी जाताना तयार फोटोंबरोबर कच्ची वही न्या: कॉन्टॅक्ट शीट (एका कागदावर छापलेले सगळे छोटे फोटो), फसलेले प्रयत्न, कुठला फोटो का काढला आणि का टाकला. प्रश्न त्यावर येतात.

पोर्टफोलिओ किती दिवसांनी बदलायचा?

वर्षातून दोनदा. मी पावसाळ्यात करते, तेव्हा लग्नं नसतात. नवा फोटो आत आला की एक जुना बाहेर, हा नियम पाळा.

फोटो जपून कसे ठेवायचे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाइली उघडतात का ते बघा.

हे मी नुकसान सोसून शिकले. २०११ च्या हंगामात गुऱ्हाळावर काढलेलं माझं सगळं काम एकाच हार्ड डिस्कवर होतं आणि ती एका सकाळी टकटक वाजून बंद पडली. डेटा काढून देणाऱ्यानं आठवडाभर ठेवून घेतली, काही निघालं नाही. सहा महिन्यांचं काम होतं ते. वाचले ते फक्त निवडीसाठी सतरंजीवर मांडलेले चार बाय सहाचे फोटो, सत्तरएक प्रिंट, बुटांच्या खोक्यात रबर लावून ठेवलेल्या. ते स्कॅन केले. त्यातला गुळव्याच्या बोटांचा फोटो आजही माझ्या पोर्टफोलिओत आहे. नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात रबराचा पुसटसा वळ दिसतो.